माटिल्डा, नोव्हेंबर 1943 : शेवटी हिरवीच

मंडळी, दोन महिने प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) बसून राहिलेली माझी माटिल्डा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्याचं 1:35 मॉडेल, एकदाची रंगली. नुसती हिरवी. पट्टे नाहीत, तीन रंगांची नक्षी नाही. 'या वेळी ऑस्ट्रेलियन कॅमोफ्लाज (शत्रूला चकवणारी रंगरंगोटी) करून दाखवतो' असं मी ज्यांना ज्यांना ऐकवलं होतं, त्यांनी आता हसून घ्यावं.

बेत खरंच तीनरंगीच होता. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ऑस्ट्रेलियात लष्करी गाड्यांवर असे वेडेवाकडे रुंद पट्टे असत, आणि 1941 पासून तिथल्या कॅमोफ्लाजचे तांत्रिक संचालक होते विल्यम डेकिन, सिडनी विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. प्राणिशास्त्राचा माणूस या कामाला बरोबरच होता. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरट का? ऊन वरून येतं, सावली पोटाखाली पडते. पोट फिकट असलं की ती सावली पुसली जाते आणि जनावर चपटं दिसून मागच्या झाडोऱ्यात विरून जातं. तोफेची नळी खालच्या बाजूने फिकट रंगवतात ती याच हिशेबाने. मीही रंगवून पाहिली. टेबललॅम्पखाली नळी जवळजवळ गायब! लॅम्प बंद केला, खिडकीचा पडदा ओढला, तर तीच नळी भुतासारखी पांढरी उठून दिसायला लागली.

तिथेच माझा बेत फिरला. माझी माटिल्डा आहे ऑस्ट्रेलियाच्या 1ल्या टँक बटालियनच्या सी स्क्वॉड्रनची, न्यू गिनीतल्या साटेलबर्गच्या वाटेवरची. अरुंद चढ, दोन्ही अंगांना बांबूची बेटं, वरून ऊन जेमतेम झिरपणारं. समोरच्या जपान्याला रणगाडा दिसणार तो पाच-दहा पावलांवर. त्या अंतरावर पट्टे कुणाला फसवणार? आणि 27 टनांचं धूड इंजिनं घुरघुरवत येतंय, ते डोळ्यांआधी कानांनाच कळणार.

मग या गाड्या लपल्या कशा? माझं मत विचाराल तर रंगाने नाही, प्रवासाने. मिल्न बे वरून त्यांना लँडिंग क्राफ्टमधून (थेट किनाऱ्याला लागणाऱ्या बोटींतून) गुपचूप फिनशाफेनजवळच्या लँगमाक बे ला आणलं. 17 नोव्हेंबरला 26व्या ब्रिगेडने चढाई सुरू केली तेव्हा पायदळासोबत नऊ माटिल्डा होत्या. 25 तारखेला साटेलबर्ग हाती आलं. त्याआधीही, डिसेंबर 1942 मध्ये न्यू गिनीतल्याच बुनाच्या लढाईसाठी स्टुअर्ट रणगाडे असेच आणले होते. कार्सिक नावाच्या डच जहाजाने चार स्टुअर्ट रात्रीच्या अंधारात ओरो बे ला उतरवले आणि तिथून पुढे ते बार्जवरून गेले.

ऑस्ट्रेलियात रणगाडा रेल्वेने समुद्रापर्यंत पोचवणं तरी कुठे सोपं होतं? व्हिक्टोरियात रुळांचं माप 1600 मिमी, न्यू साउथ वेल्समध्ये 1435, क्वीन्सलँडमध्ये 1067. आल्बरी स्टेशनात एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा, उत्तरेकडे गेलात की पुन्हा तेच. आपल्याकडे कुर्डुवाडीला मेन लाइनवरून उतरून बार्शी लाइट धरलेल्यांना हा वैताग वेगळा सांगायला नको. फक्त इथे बोचक्याच्या जागी रणगाडा आहे असं समजा. एरवीही माटिल्डाची रुंदी जेमतेम 2.59 मीटर ठेवलेली, कारण इंग्लंडच्या रेल्वेच्या मापात ती बसायला हवी होती. अंग अरुंद म्हणून टरेटचं (वरच्या फिरत्या बुरुजाचं) कडं लहान, आणि कडं लहान म्हणून मोठी तोफ कधी बसलीच नाही.

हे सगळं वाचून डोक्यात नवा किडा शिरलाय: डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) जंगलातला न करता लँडिंग क्राफ्टमधला करायचा. हिशेब केला. एलसीएम-3 या लँडिंग क्राफ्टची लांबी 50 फूट, म्हणजे आपल्या स्केलला साडेत्रेचाळीस सेंटिमीटर. माटिल्डा सोळा सेंटिमीटर. कपाटातला एक खण रिकामा करावा लागेल, आणि त्यात सध्या दिवाळीचा फराळाचा साचा, सोऱ्या वगैरे आहे. वाटाघाटी चालू आहेत.

आता रडगाणं. मागच्या रविवारी भर पावसात मॅट वार्निश मारलं आणि पंधरा मिनिटांत मॉडेलवर दही सांडल्यासारखं झालं. हवेतल्या दमटपणाने वार्निश पांढरं पडतं हे मला माहीत आहे, दरवर्षी माहीत असतं. दोन दिवस वाळू दिलं, वर ग्लॉसचा पातळ हात मारला, पांढुरका थर बराचसा गेला. मागच्या डेकवर थोडा राहिलाय, तिथे ताडपत्रीची गुंडाळी ठेवणार आहे. मॅटचा शेवटचा हात आता ऑक्टोबरनंतरच.

चिखलाचं काम मात्र मनासारखं जमतंय. नगरच्या रणगाडा संग्रहालयात माटिल्डा उभी आहे, ती पाहून आल्यापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय. बाजूच्या जाड पत्र्यांना ज्या तिरप्या खिडक्या आहेत त्या चाकांवरून फिरणाऱ्या साखळीपट्ट्याच्या वरच्या भागावरचा चिखल बाहेर गळायला आहेत. म्हणजे चिखल सगळीकडे सारखा थापायचा नाही. खिडकीखाली ओघळ, दोन खिडक्यांच्या मधला भाग त्या मानाने कोरडा. पिगमेंट (रंगाची पूड), पांढरा गोंद आणि चाळलेला चहाचा चोथा असं मिश्रण केलंय. एक सूचना: चोथा आधी कडक उन्हात वाळवा. माझ्या पहिल्या डबीला बुरशी आली.

टरेटभोवतीचं संरक्षक कडं मी लावलेलं नाही. ते बोर्निओच्या 1945 च्या फोटोंत दिसतं, आणि माझी गाडी 43 ची.

डाव्या बाजूच्या खिडक्या झाल्या, उजव्या बाकी आहेत. शिवाय नळीचं ते पांढरं पोट अजून तसंच आहे. त्यावर आज रात्री हिरवा मारतो.