राज्यशास्त्राचं एम.ए. करताना शिक्षणशास्त्रही शिकले, त्याचा अनुभव

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायची मुभा दिली. त्याचा फायदा घेऊन मी पुण्यात राज्यशास्त्राच्या एम.ए.चे वर्ग करता करता इग्नू या मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. आई परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका, त्यामुळे शाळेचे प्रश्न घरातच ऐकत वाढले. आंतरराष्ट्रीय संबंधांची ओढ मात्र कॉलेजात लागली.

प्रवेश ऑनलाइन होऊन जातो. कस लागतो तो पुढे. इग्नूत असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के महत्त्व, आणि असाइनमेंट हाताने लिहायच्या. इग्नूचे डिसेंबरचे पेपर पुण्यातल्या सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर आले तेव्हा काही विषय जूनवर ढकलले. तशी सोय आहे. आणि हो, माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड. लागतंच, शिक्षणशास्त्राच्या एम.ए.वर ते भागत नाही.

माझ्यासाठी दोन्ही विषय एकमेकांत मिसळले ते जोमतिएनच्या परिषदेपाशी. थायलंडमधल्या या गावी १९९० साली ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही घोषणा झाली. एका वर्गात मी ती युनेस्को आणि जागतिक बँक यांच्या संदर्भात शिकत होते, दुसरीकडे पटनोंदणी आणि गळतीच्या संदर्भात. मग १९९४ चा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम (डीपीईपी) वाचायला घेतला. ८५ टक्के खर्च केंद्राचा, १५ टक्के राज्याचा, आणि केंद्राच्या वाट्यामागे परदेशी कर्ज आणि अनुदान. जिल्हे निवडायचा एक निकष म्हणजे स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी असणं; १९९१ मध्ये ती सरासरीच जेमतेम ३९ टक्के होती. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत परभणी होतं.

म्हणजे आई ज्याला ‘डीपीईपीचं ट्रेनिंग’ म्हणते, ते हेच! सुट्टीत घरी गेले तेव्हा तिने ट्रंकेतून त्या वेळची प्रशिक्षण पुस्तिका काढून दिली. समासात निळ्या पेनाने तिने मुलींची नावं लिहिली होती, आणि पुढे ‘कापूस वेचणी, गैरहजर’. कर्जाच्या अटींवरचे लेख मी भरपूर वाचले होते, पण त्या पैशातून आलेली पुस्तिका वर्गात कशी वापरली गेली, ते या समासातच दिसलं.

प्रबंधाचा विषय तिथेच ठरला. मार्गदर्शकांचा भर जागतिक बँकेच्या दबावावर होता. मला तेवढंच कारण पुरेसं वाटलं नाही. मराठवाड्यात मुलींच्या शाळेसाठी आधीपासून पैसा का नव्हता, हा प्रश्न मुंबईला, म्हणजे राज्य सरकारलाच विचारायला हवा, असं मी मांडलं आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहिले. २००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणून नव्या शिक्षकांना पहिली तीन वर्षं मानधनावर ठेवलं, तो निर्णयही राज्याचाच होता. आता त्या काळातली गटसाधन केंद्रांची, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांची, कागदपत्रं शोधतेय. जिंतूर आणि सेलूपासून सुरुवात केली आहे.