सोमसूत्री

शनिवार, रात्री साडेदहा

लेकीशी खोटं बोलले. "झाला गोल?" तिने विचारलं आणि बटाटे सोलता सोलता मी "झाला की" म्हणून मोकळी झाले. गोल म्हणजे इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये, आल्फ्रिस्टन गावी गाडी ठेवून विल्मिंग्टनवरून परत तिथेच येणारी पायी फेरी. तिला काही फरक पडत नाही. मलाच पडतोय.

झालं एवढंच, की विल्मिंग्टनच्या पुढच्या शेतात कालवडी होत्या.

पंधरा-सोळा असतील. काळ्या-पांढऱ्या, कानांत पिवळे बिल्ले. मी फाटकाशी पोचले तशा चरायचं सोडून सगळ्या लगबगीने आल्या आणि समोर दाटीवाटीने उभ्या राहिल्या. इकडचं किसिंग गेट म्हणजे जेमतेम एक माणूस मावेल असा खोडा. मी त्यात, दोन्ही काठ्या छातीशी धरून. (दोन्ही आता माझ्याच.) एकीने मान लांबवून फाटकाची फळी चाटायला घेतली. खरखरीत जिभेचा आवाज, ओलं नाक, माझ्या मनगटावर तिचा गरम श्वास. नकाशात बघावं तर हिरवी तुटक रेघ शेतातून सरळ पलीकडे गेलेली. हक्काची वाट आहे, शेताच्या मालकालाही मला अडवता येत नाही. पण हे कालवडींना कोण सांगणार?

दहा मिनिटं उभी होते. मग मागे फिरले.

वाईजवळच्या आमच्या आजोळी गोठ्यातून गेल्याशिवाय न्हाणीघर गाठता यायचं नाही. पहाटेच्या काळोखात म्हशींच्या शेपट्या चुकवत मी जायची. आणि आता या वयात ससेक्समधल्या पोरसवदा कालवडींना भ्यायले! आजोबांनी नुसतं टाळूला जीभ लावून 'टक्' केलं असतं की सगळ्या बाजूला. हे तर नेहमी पुढेच असायचे. असो.

भ्यायले, असंही म्हणवत नाही पण. भीती पहिली दोन मिनिटंच होती. नंतरची आठ मिनिटं मी काय करत होते? कुणी येतंय का बघत होते. कुणी आलं असतं तर लाजेखातर का होईना, गेलेच असते. बघणारं कुणी नव्हतं म्हणून मागे फिरले, हे जास्त लागलंय.

रस्त्याने जाता आलं असतं, पण त्या अरुंद गल्लीवजा रस्त्यांना ना फूटपाथ ना कडेला उभं राहायला जागा, आणि गाड्या अशा येतात की कुंपणात शिरावं. त्यापेक्षा आलेली वाट बरी. आल्फ्रिस्टन दीडेक मैलावर राहिलं होतं, मागे फिरून त्याच्या दुप्पट.

म्हणजे पुन्हा चर्चच्या आवारातला तो यू वृक्ष. सोळाशे वर्षांचा सांगतात, टेकूंवर रेलून उभा. पुन्हा चढ. पुन्हा टेकडीच्या उतारावरचा तो लाँग मॅन, 235 फूट उंच, नुसत्या पांढऱ्या रेषेत काढलेला माणूस, दोन्ही हातांत काठ्या. त्याला सगळे अतिप्राचीन समजायचे; 2003 मध्ये पायथ्याशी खोदकाम झालं तेव्हा 16व्या-17व्या शतकातला असावा असं निघालं. कुणाचं तरी वय कमी निघतं! दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून त्याला हिरवा रंग फासून लपवलं होतं. सकाळी त्याच्याकडे बघून हात हलवला होता. परतताना खाली मान घालून गेले.

ललिंग्टनच्या चर्चपाशी बसले. चर्च म्हणजे काय, मूळच्या मोठ्या देवळाचा उरलेला गाभारा तेवढा, वीसेक माणसं मावतील एवढा. थर्मासमधला चहा कोमट झालेला. बुटांना इथल्या खडूच्या मातीचा पांढरा राडा. वर कुठेतरी चंडोल एकसारखा बोलत होता, दिसत मात्र नव्हता. आणि तिथे आजी आठवली. महादेवाच्या देवळात मी पूर्ण फेरी मारायला निघाले की परकराला धरून ओढायची. "ए भवाने, पन्हळ ओलांडू नको! तिथवर जायचं आणि आल्या पावली परत यायचं." महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. सोमसूत्री. जाताना अर्धी, तीच येताना उलटी, आणि झाली पूर्ण.

मग एकटीच हसले. तीर्थाच्या पन्हळीऐवजी कालवडी आडव्या आल्या, एवढंच. गोमुखच की तेही. सोळा-सोळा.

घरी येऊन नकाशा वाळत टाकला (पाठीवरच्या घामाने ओला झाला होता) तेव्हा दिसलं. त्याच शेतावर, रेघेच्या कडेला, पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'गुरं.' पुढे काही नाही. इतकी वर्षं तो नकाशा माझ्या हातात कधी आलाच नव्हता.

लेकीला खरं सांगायला हवं. उद्या सांगते.

पुढच्या वेळी उलट बाजूने निघेन. कालवडी आधीच लागतील, पाय ताजे असताना. आणि नाहीच जमलं, तर गाडी दीड मैलावर.