धाप छातीत, कारखाना हाडांत

दम्यासाठी केलेल्या माझ्या रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या नावापुढे ९ टक्के हा आकडा ठळक छापून आला, तेव्हा धाप छातीत लागत असताना रक्तातल्या पेशी कशाला मोजायच्या, असा प्रश्न मला पडला होता. इओसिन या लालसर रंगाने त्या उठून दिसतात, हे जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये दाखवले आणि त्यावरूनच त्यांना नाव मिळाले.

त्या घडतात अस्थिमज्जेत. गादीतल्या धुळीतील माइट या अतिसूक्ष्म जिवांचे कण श्वासनलिकेत शिरले, की ॲलर्जी असलेल्या माणसात तिथल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि इतर काही पेशी इंटरल्यूकिन-५ हे प्रथिन सोडतात. हा निरोप रक्तावाटे मज्जेपर्यंत पोहोचला, की तिथल्या पूर्वज पेशींपासून इओसिनोफिल अधिक संख्येने तयार होऊन बाहेर पडतात. रक्तात त्या जेमतेम काही तास असतात, ऊतींमध्ये मात्र कित्येक दिवस मुक्काम ठोकतात. म्हणजे माझे ९ टक्के ही केवळ वाटेतली गर्दी होती! श्वासनलिकेत पोहोचल्यावर, एरवी जंतांवर चालवायची विषारी प्रथिने त्या तिथल्या नाजूक अस्तरावरच सोडतात. काही पूर्वज पेशी तर अपक्व अवस्थेतच श्वासनलिकेत येऊन तिथे वाढतात.

इंटरल्यूकिन-५ ला अडवणारे मेपोलिझुमॅब हे औषध सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना देऊन पाहिले, तेव्हा निराशा झाली होती. इओसिनोफिल वाढलेले तीव्र दम्याचे रुग्ण निवडल्यावर झटके कमी झाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.