लायब्ररी घेऊ का घागर बडवू? तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, तयार आवाजांची लायब्ररी विकत घेऊ का आवाज घरीच बनवू?" हा प्रश्न मला वर्षातनं दहा-बारा वेळा तरी येतो, श्रावण लागला की जास्तच, कारण बडोद्यात गरब्याच्या मंडळींची नवरात्राची तयारी तेव्हापासनंच सुरू होते आणि प्रत्येक कीबोर्डवाल्याला यंदा काहीतरी नवीन वाजवायचं असतं. कधी सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजची पोरं विचारतात, कधी नाटकाला पार्श्वसंगीत करणारे कोणी काका. मी दिवसा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करतो आणि हे संगीताचं सगळं रात्रीचं, त्यामुळे ज्याला त्याला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं जातं, आणि दोघांना दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत असंही मध्ये एकाने सुनावलं. म्हणून एकदा बसून नीट लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सॉफ्टवेअर सॅम्पलर म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डच्या पट्ट्यांवर किंवा पॅडवर बसवून वाजवायचं सॉफ्टवेअर. कोन्टॅक्ट, डिसेंट सॅम्पलर, स्फोर्झांडो, ही त्यातली नावं. आणि लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच रेकॉर्ड करून, कापून, बसवून ठेवलेले आवाज.

पियानो आणि व्हायोलिनचा ताफा, हे विकत घ्या, डोकं चालवू नका. बडोद्यात चाळीस व्हायोलिनवाले एका खोलीत कुठून बसवणार, आणि पियानोच्या 88 पट्ट्या, प्रत्येकीचे हळू-जोरात असे चार-पाच थर, पेडल दाबून, पेडल सोडून, त्यात ट्यूनर दोन दिवस हाताशी हवा, हे घरी होणारं काम नाही. आणि विकत म्हणजे पैसे टाकूनच असंही नाही, स्पिटफायर कंपनीच्या लॅब्समधले बरेच आवाज फुकट आहेत, पियानोबुक ह्या वेबसाइटवर जगभरच्या लोकांनी आपापल्या घरातले पियानो टाकून ठेवलेत, काही तर इतके सुरेख बेसूर आहेत की मी नाटकात तेच वापरतो. तेव्हा हा प्रश्न पियानोचा नाहीच. खरा प्रश्न ढोल, मंजिरा, टाळ्या, थाळी ह्यांचा आहे, आणि तिथे माझं मत एकदम उलटं.

पाचेक वर्षांपूर्वी मी भारतीय तालवाद्यांची एक लायब्ररी घेतली होती. नाव सांगत नाही, वाईट नव्हती. डेमो ऐकला तर अंगावर काटा आला, एवढा मोठा ढोल! घरी आणून वाजवला तेव्हा कळलं की तो मोठेपणा ढोलाचा नव्हताच, हॉलचा होता. घुमारा आवाजात मुरवूनच दिलेला, काढता येत नाही. आता गरब्याचं मैदान तुम्हाला माहीत आहे, स्पीकरच्या रांगा, समोरच्या बिल्डिंगवरून येणारा पडसाद, तिथे आधीच घुमणारा ढोल सोडला की नुसता चिखल होतो, खेळैयांचे पाय कशावर पडावेत तेच कळत नाही. शिवाय त्यात तयार लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारे ठेक्याचे तुकडे, होते चिक्कार, पण भांगड्याचे आणि केरव्याचे, सहाच्या वजनावर झुलणारी आपली गरब्याची हींच एकही नाही. बनवणाऱ्याची चूक नाही म्हणा. त्याने जगासाठी बनवलं होतं, मला माझ्या मैदानासाठी हवं होतं.

मग घागर.

आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात माळ्यावर आजीची तांब्याची घागर पडलेली, मोठ्या पोटाची, अरुंद तोंडाची, एका बाजूला पोचा. गुजरातेत माणभट्ट म्हणून आख्यानकार असायचे, अजूनही थोडे आहेत, ते बोटांत अंगठ्या घालून असल्याच घागरीवर ताल धरत गोष्ट सांगतात, ती घागर म्हणजे माण. 17व्या शतकातला प्रेमानंद, गुजरातीतला एवढा मोठा कवी, तो आपल्या बडोद्याचा आणि माणभट्टच. हे शाळेत गुजरातीच्या बाईंनी शिकवलेलं, तेव्हा डोक्यात घुसलं नव्हतं, त्या दिवशी माळ्यावरची घागर बघून घुसलं. आणि मी शोधलेल्या एकाही लायब्ररीत माण मिळाली नाही.

रेकॉर्डिंगला मी अक्कल चालवून दिवस निवडला, तो उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशीचा, वासी उत्तरायण, 15 जानेवारी. का तर सुट्टी, आणि थंडी असल्याने पंखा लागत नाही. पंखा बरोबर, पण आख्खं गाव गच्चीवर हे मी विसरलो! प्रत्येक गच्चीवर गाणी, लपेट लपेट म्हणून आरडाओरडा, आणि पोरांच्या त्या प्लॅस्टिकच्या पिपुड्या. शेवटी रात्री एक वाजता सुरू केलं. फ्रीज बंद केला कारण त्याची घुरघुर तुम्हाला ऐकू येत नसली तरी माईकला येते. आई उठून आली, म्हणाली, "अरे, एवढ्या रात्री घागर फोडतोस की काय?" तिला समजावण्याच्या नादात फ्रीज परत चालू करायचा राहिला आणि सकाळी श्रीखंडाच्या चक्क्याला वास. तेव्हापासनं मी फ्रीज बंद केला की स्कूटरची किल्ली आत ठेवतो, किल्लीशिवाय कामावर जाताच येत नाही.

माईक म्हणजे झूम कंपनीचा छोटा रेकॉर्डर, बाकी काही नाही. पोटापासून वीतभर लांब ठेवला तर अंगठीची नुसती टणटण, तोंडाजवळ नेला तर आत कोंडलेल्या हवेचा घूं. हे दोन वेगळेच आवाज आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तोंडावर पंजा अर्धा झाकला की घूं खाली उतरतो. थोडं पाणी ओतलं तर गंमतच, हवा कमी झाल्यामुळे घूं चढतो, आणि धातूला पाण्याचं वजन झाल्यामुळे टणटण मात्र उतरते, जलतरंगात वाटीत पाणी वाढवल्यावर उतरते तशी. एकाच घागरीत एक स्वर वर चाललाय, एक खाली. मी अर्धा तास नुसतं पाणी ओतत आणि काढत बसलो होतो, रेकॉर्डचं बटण दाबायचं सोडून.

मग कामाला लागलो. पाच प्रकारचे ठोके: पोटावर, गळ्यावर, बुडावर, तोंडावर पंजाची थाप, आणि अंगठी घासून. प्रत्येकाचे हळूपासून जोरात असे चार थर, प्रत्येक थरात सहा ठोके. सहा का, तर एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजला की मशीनगनसारखं ऐकू येतं, कानाला लगेच खोटं कळतं, म्हणून सॅम्पलर दर वेळी पुढचा ठोका उचलतो, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. म्हणजे 120 फाईल. आणि सहा चांगले मिळायला दहा-बारा मारावे लागतात, कारण सारख्या जोराने सहा वेळा हळू वाजवणं फार अवघड आहे, करून बघा, जोरात वाजवणं सोपं. सगळं मिळून 50 एमबीच्या आसपास, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो. एकेका पियानोच्या लायब्ररीला डिस्कवर कित्येक जीबी लागतात.

पुढचं कापाकापीचं काम कंटाळवाणं, ते थोडक्यात. दोन चुका मात्र सांगतो कारण सगळे करतात. पहिली, मी सगळ्या फाईली नॉर्मलाइज केल्या, म्हणजे सगळ्यांचा आवाज सारखा वर. झालं, हळू थराबरोबर खोलीचा सूं सूं पण वर आला आणि हळू-जोरातला फरकच मेला. परत पहिल्यापासून. दुसरी, ठोक्याच्या आधी थोडी शांतता राहू दिली होती, 20 मिलिसेकंद असेल, कानाला काही वाटत नाही पण पॅडवर वाजवताना हाताला लगेच कळतं. आमचा ऑक्टापॅडवाला म्हणाला, "भाई, आ मोडुं वागे छे." उशिरा वाजतंय. त्याच्याकडे रोलंडचं एसपीडी-एसएक्स पॅड, त्याला 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाईल लागतात, त्या वेगळ्या करून दिल्या. माझ्यासाठी एसएफझेडमध्ये बसवलं, तो प्रकार म्हणजे नुसती टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्ये लिहायची, कोणता ठोका कोणत्या पट्टीवर, कोणत्या जोराला. प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून घाबरू नका, मला पण येत नाही.

स्वराचं एक राहिलंच. घागरीची टणटण काळी एक आणि पांढरी दोन ह्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते. गायिका काळी एकमध्ये गायला लागली की ते घासायचं, म्हणून गळ्यावरचे ठोके मी 40 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट) खाली ओढले, बाकीचे तसेच ठेवले. तेवढं बेसूर हवंच, नाहीतर ती कोणाचीही घागर झाली असती.

आता मुद्द्याचं. पैशाचा हिशेब लावाल तर घरी बनवणं महागच पडतं. तीन शनिवार-रविवार गेले, तेवढ्या तासांचा ओव्हरटाइम केला असता तर बऱ्यापैकी लायब्ररी आली असती. आणि दर वेळी जमतंच असं नाही, आजोबांच्या साडेतीन सप्तकी पेटीचा मी प्रयत्न केला होता, भात्याचा श्वास प्रत्येक स्वरात आला, चार पट्ट्या एकदम दाबल्या की चार भाते सूं सूं, दम्याचा पेशंट गातोय असं वाटायचं. तो फोल्डर तसाच पडलाय. पेटी मी आता विकतची वापरतो, आणि लाज वाटत नाही.

पण मी प्रत्येकाला सांगतो की पहिली लायब्ररी घ्यायच्या आधी घरातली एक वस्तू, वाटी, खलबत्ता, काहीही, पूर्ण सॅम्पल करून, म्हणजे सगळे ठोके रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये बसवून, बघा. त्यानंतर तुम्ही डेमो वेगळ्याच कानाने ऐकाल. घुमारा आवाजात मुरलेला आहे का वेगळा बंद करता येतो, किती थर, किती राउंड रॉबिन, हळू वाजवल्यावर काय होतं, हे तुम्ही आपोआप विचाराल, मला विचारलं नव्हतं कोणी आणि मीही विचारलं नव्हतं. आणि जाहिरातीतलं बारीक अक्षर वाचा. ओळखीतल्या एका पोराने स्वस्तात लायब्ररी घेतली, तिला पूर्ण कोन्टॅक्ट लागत होतं, ह्याच्याकडे कोन्टॅक्टचा फुकटचा प्लेयर, त्यात असली लायब्ररी 15 मिनिटंच चालते आणि मग गप्प. त्याला ते ऐन प्रॅक्टिसमध्ये कळलं. लायसन्सचं पण तसंच, विकत घेतलेले आवाज तुमच्या गाण्यात बहुतेक वेळा बिनधास्त वापरता येतात, पण त्याच फाईली मित्राच्या पेनड्राइव्हवर टाकणं किंवा त्यातनं आपली लायब्ररी बनवून विकणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. घागरीच्या फाईली मी आतापर्यंत सात-आठ जणांना वाटल्यात, विचारायचं कोणाला, आजीला?

तुम्हालाही देईन. थापेच्या तिसऱ्या थरात चौथा ठोका नीट ऐका, मागे अगदी बारीक पिपुडी आहे, रात्री दीड वाजता कोण वाजवत होतं देव जाणे. काढणार होतो, ऑक्टापॅडवाल्याने काढू दिली नाही.

आणि स्वतः करणार असाल तर अंगठ्या घट्ट घेऊ नका. माझी मधल्या बोटातली सकाळपर्यंत निघत नव्हती, बोट सुजलं, साबण झाला, तेल झालं, शेवटी मंगळबाजारात सोनाराकडे जाऊन कापून घेतली.