एक पाऊल मागे

चुकून परिच्छेद उडाला की डोक्याला कळायच्या आधी बोटं कंट्रोल-झेडवर, म्हणजे केलेलं मागे घेणाऱ्या 'अनडू'वर, गेलेली असतात. झेड, एक्स, सी, व्ही खालच्या ओळीत एकमेकांना लागून आहेत. उजवा हात माउसवरून हलतही नाही.

पण एक पाऊल म्हणजे केवढं? एकेक अक्षर मागे जाऊ लागलं तर वैताग, अख्खं पान गेलं तर घाबरगुंडी. लिहिण्याचे बरेच प्रोग्राम, म्हणजे एडिटर, शब्द संपला, हात थबकला किंवा कर्सर हलवला की पाऊल मोजतात. हे ठरवणाऱ्या प्रोग्रामरला कोणी शाबासकी देत नाही.

खरी मेख रिडूत, म्हणजे मागे घेतलेलं पुन्हा पुढे आणण्यात, आहे. आत दोन चळती असतात, एक केलेल्या कामांची, दुसरी मागे घेतलेल्यांची. वीस पावलं मागे जाऊन जुनं वाक्य कॉपी करायचं आणि पुन्हा पुढे यायचं, असा साधा बेत. कॉपीने काही बिघडत नाही. मात्र अंगठा स्पेसबारला लागला की ती नवी कृती ठरते आणि दुसरी चळत तत्क्षणी रिकामी. विम नावाचा एडिटर असं करत नाही, तो मागे सोडलेल्या बदलांच्या जुन्या फांद्याही जपतो. त्यांवर परत कसं चढायचं हे ऐन वेळी आठवलं तर!

चित्रांचं गणित वेगळं. 4000 बाय 3000 पिक्सेलचं चित्र, पिक्सेलला 3 बाइट, म्हणजे 36 एमबी. प्रत्येक पावलाला पूर्ण प्रत ठेवली तर 50 पावलांना 1.8 जीबी. म्हणून बदललेला तुकडाच साठवणं परवडतं. एक्सेल 100 पावलं लक्षात ठेवतं, पण मॅक्रोने, म्हणजे आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, शीटला हात लावला की सगळी विसरतं.

'नक्की पुसायचं?' विचारणाऱ्या चौकटी तर मला निरुपयोगीच वाटतात. दहाव्यांदा विचारल्यावर कोण वाचतं? आधी पुसू द्यावं, मग परत मागायची सोय द्यावी. जीमेलचं 'अनडू सेंड' तरी काय, मेल निघालेलाच नसतो. फार तर 30 सेकंद अडवून ठेवलेला.

गिट हा प्रोग्रामर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला वापरतात, एकेक नोंद म्हणजे कमिट. त्यात रिव्हर्ट केलं, म्हणजे बदल उलटवला, तरी जुनी कमिट जागेवरच राहते, उलट्या बदलाची नवी कमिट वर चढते. मग कोणीतरी तीही रिव्हर्ट करतं. अशा कमिटचं नाव पूर्वी आपोआप 'रिव्हर्ट रिव्हर्ट' असं पडायचं. 2023 पासून 'रीअप्लाय', म्हणजे 'पुन्हा लागू', पडतं. बरं झालं म्हणायचं.