पाचव्या व्हॉल्व्हची टकटक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी जुन्या गाड्यांची इंजिने बांधतो. सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची १९६५ची मार्क टू अँबेसडर माझ्याकडे आली, तेव्हा तिचे १४८९ सीसीचे इंजिन इतका निळा धूर सोडत होते की मागच्याला रस्ता दिसू नये. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंगे आणि हेड असे सगळे काम यथासांग झाले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, नवा मिळाला; त्या उंचवट्यांवर (कॅमवर) टेकून वर-खाली होणारे टॅपेट मात्र त्या वेळी मिळाले नाहीत. म्हणून जुन्या टॅपेटांचे तळ मी बाहेरच्या एका मशीन शॉपमधून घासून आणले. गाडी घरी गेली आणि जेमतेम चारशे किलोमीटर झाल्यावर सरांचा फोन आला, “अहो, शिलाई मशीन चालवल्यासारखा आवाज येतोय.”

या इंजिनात टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी तरफ (रॉकर) यांच्यातली मोकळीक, पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा, ठेवतात. ती बसवताना नऊचा हिशेब करायचा, दोन क्रमांकांची बेरीज नऊ यावी, म्हणजे चौथा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पाचवा बघायचा. पाचव्यावर, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टवर, पंचवीस थाऊ भरले. फट जागेवर धरणारा चेकनट सैल राहिला असेल असे समजून मी फट पुन्हा बसवली आणि गाडी दिली. आठच दिवसांत ती परत आली. आता फट तीस झाली होती आणि कार्ब्युरेटरमधून अधूनमधून उलटा ठसका येत होता. नट घट्ट असूनही फट वाढत असेल, तर कुठेतरी लोखंड झिजत आहे, हे मला पहिल्याच खेपेस सुचायला हवे होते.

रॉकर कव्हर काढून इंजिन चालू केले. टॅपेटची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे बाकीचे बहुतेक पुशरॉड खाली-वर होताना स्वतःभोवती सावकाश फिरत होते. पाचवा मात्र जागच्या जागी नुसता उडत होता. डायल गेज लावले, तर त्या व्हॉल्व्हची उचल दुसऱ्या एक्झॉस्टांपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर कमी भरली. मग मॅनिफोल्ड उतरवून ब्लॉकची बाजूची झाकणे उघडली आणि टॅपेट बाहेर ओढला. त्याचा तळ बशीसारखा खोलगट झाला होता, नख फिरवले की कडेला अडकत होते. कॅमचे त्या जागचे टोक गोलसर होऊन गेले होते आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलात बोट बुडवले, तर रांगोळीतल्या अभ्रकासारखी चकाकी वर आली.

अशा वेळी सगळे जण तेलाला दोष देतात. नव्या तेलांत झिंक-फॉस्फरसचे संरक्षक द्रव्य कमी केले आहे हे खरे. पण एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएम आणि त्यानंतरच्या तेल-श्रेणींतली ०.०८ टक्के फॉस्फरसची मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ तेलांपुरती आहे, आणि मी घातले होते त्यांहून घट्ट २०डब्ल्यू-५०. दोष दुसरीकडे होता. टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसला, तरी तो अगदी किंचित फुगीर असावा लागतो. त्या फुगवट्यामुळे आणि कॅमच्या किंचित तिरकस घासणीमुळेच टॅपेट फिरतो आणि एकाच रेषेवर झिजत नाही. चांगले दोन टॅपेट तळाला तळ लावून धरले की जरासे डुलतात. माझे न झिजलेले टॅपेट तसे धरून पाहिले, तर ते काचेवर काच ठेवल्यासारखे चिकटले. मशीन शॉपला मी “तळ साफ करून द्या” एवढेच सांगितले होते आणि त्यांनी तेवढेच केले होते.

दुसरी चूक सर्वस्वी माझी होती. पहिल्यांदा चालू केल्यावर कार्ब्युरेटर जुळवण्याच्या नादात मी इंजिन अर्धा तास आयडलिंगला ठेवले होते. कॅमला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या उडवण्याने, आणि मंद गतीत ते फारसे उडत नाही. शिवाय स्प्रिंगचा दाब कॅमच्या टोकावर त्याच वेळी सर्वांत जास्त असतो.

इंजिन पुन्हा उतरवले. लोखंडाची पूड बिगएंडच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगांत रुतली होती, ती सगळी बदलली, क्रँक बचावला. तेलाच्या वाटा ब्रशने तीनदा धुतल्या. दुसरा कॅम आणि या वेळी आठही नवे टॅपेट, खर्च माझा. सरांना कारण सांगताना मी टॅपेट त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “एवढ्याशा खळग्यासाठी?”

या वेळी इंजिन पकडताच २००० आरपीएमवर नेले आणि वीस मिनिटे तिथेच ठेवले. कव्हर काढलेलेच होते. पुशरॉडांवर पांढरे ठिपके दिले होते. तोंडावर तेल उडत असताना मी एकेक ठिपका मोजला, आठही फिरत होते. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलताना पाचव्याची फट पाहिली. पंधरा थाऊची पट्टी बेताने सरकली, सोळाची आत गेली नाही.