कक्कूची चोच आणि माकडहाड

ग्रीसमधला आमचा पहिला पक्षी सुट्ट्या पैशांत सापडला. अथेन्समध्ये कॉफीवाल्याने परत दिलेल्या एक युरोच्या नाण्यावर घुबड बसलेलं होतं, डोळे वटारून थेट आपल्याकडे बघणारं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं होतं, त्याच्यावरचं हे चित्र. त्या काळी लोक नाण्यालाच ‘घुबड’ म्हणत. लाव्रिओच्या खाणीतली चांदी, त्यावर अथेनादेवीचं घुबड, आणि शहरात अशा घुबडांचा सुकाळ. म्हणून ‘अथेन्सला घुबडं नेणं’ ही म्हण पडली. आपण कोकणात नारळ नेऊ तसं.

घुबडाला जुन्या ग्रीकमध्ये ‘ग्लाउक्स’ म्हणत. चकाकणारं, निळसर-करडं अशा अर्थाच्या ‘ग्लाउकोस’ या शब्दाशी त्याचं नातं जोडतात. होमरची अथेना ‘ग्लाउकोपिस’ आहे, म्हणजे चमकत्या डोळ्यांची.

त्याच संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण फिलोपाप्पूच्या टेकडीवर गेलो. समोर अॅक्रोपोलिसवर दिवे लागत होते आणि शंभर माणसं त्याचे फोटो काढत होती. आम्ही दोघी मात्र पाठ फिरवून एका पडक्या भिंतीकडे दुर्बिणी लावून उभ्या. भिंतीवर मुठीएवढं घुबड. आम्हाला बघून त्याने दोनदा बैठका काढल्या. “अगं, हा तर आपला पिंगळाच!” मैत्रीण म्हणाली. चुलतभाऊ म्हणू या. ग्रीसमधला ‘अथेने नॉक्टुआ’, ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गुलमोहरावरचा ‘अथेने ब्रामा’. चिंचेच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी अथेनादेवीच्या गोत्रात घातलंय, आणि आपण त्याला पिंगट रंगावरून हाक मारतो.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला, तेव्हा पुस्तकातली ती तिरप्या ठशातली शास्त्रीय नावं मी सरळ ओलांडून जात असे. या प्रवासात त्या नावांना चोची फुटल्या.

‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी, पण शकुनालाही ग्रीक लोक ऑर्निसच म्हणत. इसवी सनापूर्वी ४१४ मध्ये अॅरिस्टोफेनिसचं ‘पक्षी’ नावाचं प्रहसन अथेन्समध्ये झालं. त्यात पक्षी माणसांना चिडवतात की तुम्हाला सगळंच पक्षी दिसतं: शिंक आली तरी पक्षी, गाढव आडवं गेलं तरी पक्षी! वाचताना मी एकदम थांबले. आपल्याकडे काय वेगळं आहे? संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचा अर्थ आधी पक्षी, मग शुभाशुभाची खूण. शकुंत पक्ष्यांनी सांभाळली ती शकुंतला. मराठीत पक्षी उडून गेला, शकुन तेवढा उरला. आणि पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत येणारा पिंगळा? तो तर पक्ष्याचं नाव लावून, त्याची भाषा कळते म्हणून सांगणारा. अॅरिस्टोफेनिसला भेटायला हवा होता.

पिरेअसहून रात्रीच्या बोटीने लेस्व्होस बेटावर गेलो. मितिलिनी बंदरात सकाळी क्रेनने कंटेनर उचलणं चालू होतं. तिला ग्रीकमध्ये ‘गेरानोस’च म्हणतात, म्हणजे करकोचा. हे जुन्या काळापासूनचं आहे. इंग्रजांनीही तेच केलं, ‘क्रेन’ शब्दात तोच पक्षी आहे. आपल्या भाषेत त्या यंत्राला करकोचा म्हणायचं कुणाला सुचलं नाही याचं मला उगीच वाईट वाटलं.

लेस्व्होस हे पक्षीवेड्यांचं पंढरपूर. एप्रिलच्या अखेरीस आफ्रिकेतून उत्तरेला निघालेले थवे इथे टेकतात. कल्लोनीच्या आखाताकाठी मिठागरं आहेत आणि मिठागरांत फ्लेमिंगो. नावच बघा: ‘फॉइनिकोप्टेरोस’, किरमिजी पंखांचा. मराठीत आपण ‘अग्निपंख’ म्हणतो. दोघांचीही नजर एकाच जागी गेली. उभा असताना हा पक्षी धुतलेल्या गुलाबी साडीसारखा फिकट दिसतो, लाल पंख कळतात ते उडाल्यावर. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने तो उडेपर्यंत वाट पाहिली होती. ठाण्याच्या खाडीत ऐरोलीच्या बाजूने मी हे दृश्य कितीदा पाहिलंय, पण नावाचा विचार केला तो इथे.

याच आखाताच्या काठी अॅरिस्टॉटल सुमारे दोन वर्षं राहिला, इसवी सनापूर्वी ३४५ च्या आसपास. मासे, माकुल, पक्षी, सगळं खाली वाकून बघत. खंड्याबद्दल, म्हणजे ‘अल्किओन’बद्दल, त्याने लिहिलं की तो हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस घरट्यासाठी धरतो, तेव्हा समुद्र शांत असतो. ही गोष्ट साफ चूक. खंड्या थंडीत अंडी घालत नाही, समुद्रावर तर नाहीच. पण जानेवारीतल्या उबदार, निवांत दिवसांना ग्रीक लोक आजही ‘अल्किओनचे दिवस’ म्हणतात. चूक टिकली, आणि छान टिकली.

आपल्या पांढऱ्या छातीच्या खंड्याचं नाव ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’, म्हणजे स्मिर्नाचा अल्किओन. स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर, या बेटासमोरच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर थोडं खाली. आणि आपला छोटा खंड्या ‘अल्सेडो अॅथिस’. अॅथिस ही याच बेटावरची मुलगी, सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या कवितांमधली. विहिरीच्या काठावर बसून बेडूकमासे टिपणारा आपला खंड्या कुठल्या कुठे जाऊन आलाय!

सॅफोने बुलबुलावर, नाही, नाइटिंगेलवर एक ओळ लिहिली आहे. (मराठी अनुवादांत नाइटिंगेलचा बुलबुल होतो. फारसीत ते बरोबर आहे, आपल्या अंगणातला शेंडीवाला बुलबुल मात्र अगदी वेगळा.) वसंताचा दूत, मोहक आवाजाचा ‘आएडोन’. आएडोन म्हणजे गाणारी. झालं, एवढंच नाव. पहिल्या रात्री खिडकीखालच्या झुडपात ती गाणारी पहाटे चारपर्यंत गात होती. मैत्रिणीने सॅफोला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आता मुख्य प्रसंग.

कल्लोनीजवळ त्सिक्नियास नावाची नदी आहे. आजच्या ग्रीकमध्ये त्सिक्नियास म्हणजे बगळाच. नदी उथळ, गोटे शेवाळलेले. पलीकडच्या झाडीतून घड्याळातल्यासारखा स्पष्ट आवाज आला, “कु-क्कू”. मैत्रीण आवाजाच्या दिशेने दुर्बीण लावून चालायला लागली, आणि दुसऱ्याच पावलाला धाडकन बसली. पाण्यात नाही, गोट्यावर.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. कळवळत म्हणाली, “कॉक्सिक्स! माझं कॉक्सिक्स!”

मला हसू आवरेना, आणि ते तिने अजून माफ केलेलं नाही. कक्कूला जुन्या ग्रीकमध्ये ‘कॉक्किक्स’ म्हणत, आवाजावरूनच. ग्रीक वैद्यांना पाठीच्या कण्याचं शेवटचं हाड कक्कूच्या चोचीसारखं दिसलं म्हणून त्यालाही तेच नाव दिलं. म्हणजे कक्कू बघायला निघालेली बाई कक्कूच्या चोचीवरच आपटली होती. हे मी तिला तिथेच समजावून सांगितलं. “मराठीत सांग,” ती म्हणाली, “माकडहाड मोडलंय.” मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण पुढचे दोन दिवस आम्ही घरमालकीणबाईंच्या ओसरीवर काढले. ती उशीवर, मी पायरीवर.

त्या दोन दिवसांत कक्कू काही गप्प बसला नाही. अॅरिस्टॉटलने लिहिलंय की काही लोकांना वाटतं, ससाण्याचाच कक्कू होतो, पण ते खोटं, कारण याची नखं वाकडी नसतात. आपला पावशाही हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो, नवखे पक्षीनिरीक्षक दरवर्षी फसतात. आणि पावशा जे सांगतो, “पेरते व्हा, पेरते व्हा,” तेच हेसिओड नावाच्या शेतकरी कवीने सत्तावीसशे वर्षांपूर्वी कक्कूच्या तोंडी ऐकलं होतं. नांगरणीला उशीर झालेल्याला तो धीर देतो: ओकच्या पानांत कक्कू पहिल्यांदा बोलला, आणि तिसऱ्या दिवशी झेउसने पाऊस पाडला, बैलाच्या खुराच्या ठशाहून वर नाही आणि कमीही नाही, तर मागे पडलेला शेतकरीही पुढच्याला गाठतो.

पाऊस मोजायला बैलाचा खूर. हवामान खात्याच्या मिलिमीटरपेक्षा हे आमच्या आजोबांना लवकर कळलं असतं.

घरमालकीणबाईंना थोडं इंग्रजी येत होतं. मी त्यांना पावशाचं सांगितलं. त्यांनी मला ‘पेरते व्हा’ चार वेळा म्हणायला लावलं, पाचव्यांदा स्वतः म्हणून पाहिलं, ‘व’वर अडखळल्या. मग म्हणाल्या, आमच्यात म्हणतात, एका कक्कूने वसंत येत नाही. त्यांच्या ऑलिव्हच्या बागेत खुराएवढाही पाऊस महिनाभर पडला नव्हता.

झाडीतून पुन्हा “कु-क्कू”.

“त्याला सांग,” मैत्रीण उशी सरकवत म्हणाली, “पेरून झालं. आता काढणीला बोलव.”